गावात पहिली होती, बेळगावात येऊन ९७ वी झाली, पोरीला परत आणू का?

खानापूरची_आई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहायलेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमची पोरगी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली. वर्गात सगळी मिळून २३ पोरं, आणि पहिलीपासून दहावीपर्यंत पहिला नंबर हिनं कुणाला दिला नाही. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, ६२५ पैकी ५८८ पडले तेव्हा गावात पेढे वाटले, मंडळानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. मग जो तो म्हणायला लागला एवढी हुशार पोर आहे, इथं कशाला ठेवता, बेळगावला घाला की. म्हणून शहरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, घातली. फी भरताना भाताचे पैसे गेले आणि माझी एक चेन गेली, त्याचं काही नाही, ती परत करता येईल.

आता पहिली टेस्ट झाली. फिजिक्सला ४० पैकी ११. १४० पोरांत ९७ वा नंबर, आणि ती यादी वर्गाच्या दारावर चिकटवलेली, नाव, मार्क, नंबर सगळं. त्याच यादीवरनं ए, बी, सी असे सेक्शन पाडले, ही सी मध्ये. त्या दिवसापासनं पोरगी बदलूनच गेलीय. आधी बसमधनं उतरली की घर येईपर्यंत तोंड बंद नसायचं, आता दप्तर ठेवते आणि परसात जाऊन बसते. परवा धाकटा तिच्याकडं शेकडेवारीचं गणित घेऊन गेला, सातवीचं, अगदी सोपं. वहीकडं न बघताच म्हणाली, "मला विचारू नको, मला गणित येत नाही." मी तिथंच भाकऱ्या करत होते, ऐकून हातच थांबला. तीन महिन्यांपूर्वी हीच पोर सगळ्या गल्लीतल्या पोरांना गणितं घालायची.

आमचे हे म्हणतात खानापूरच्या कॉलेजात परत आणू, तिथं पुन्हा पहिल्या पाचात येईल, जीव तरी रमेल. आणि जाऊबाईंचा पोरगा त्याच कॉलेजात ए सेक्शनला आहे, त्यामुळं घरात रोज तेच, त्याला जमतंय मग हिला का जमंना झालंय. मला काही सुचंना झालंय. परत आणू की ठेवू? आणि हे दुसऱ्यांशी तोलत बसणं तिच्या डोक्यातनं काढायचं कसं? कुणाच्या पोरांचं असं झालं असेल तर सांगा.

निवृत्त_गणित_मास्तर

ताई, पहिलं सांगतो, पोरीला गणित येतंय. एका टेस्टनं ते जात नसतं. मी ३१ वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं, आपल्या भागातली ही अडचण मला पाठ आहे. दहावीपर्यंत 'संवेग' म्हणत आलेल्या पोरीपुढं एकदम 'मोमेंटम' येतं, 'त्वरण' जाऊन 'ॲक्सिलरेशन' येतं, आणि प्रश्न काय विचारलाय हे कळेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. त्या ११ मार्कांत फिजिक्स किती आणि इंग्रजी किती हे आधी वेगळं काढा. तोच पेपर रविवारी घ्या, घड्याळ लावू नका, कुणीतरी प्रश्न मराठीत समजावून सांगू द्या आणि तिला पुन्हा सोडवू द्या. किती पडतात ते मला इथं कळवा.

आता नंबराचं. हे तुमच्या एकटीच्या पोरीचं नव्हे. हर्बर्ट मार्श म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, ऑस्ट्रेलियात त्यांनी बरंच काम केलं, त्यांनी १९८४ पासून हे मांडलंय. सारखेच मार्क पडणारी दोन पोरं घ्या, एक साध्या शाळेतलं आणि एक हुशार पोरांनी भरलेल्या शाळेतलं. दुसरं पोर स्वतःला कमी समजतं. येतं दोघांना तेवढंच, पण ते पोर आजूबाजूला बघून स्वतःची किंमत करतं. २००३ मध्ये त्यांनी २६ देशांतल्या १५ वर्षांच्या लाखावर पोरांचे आकडे तपासले, तिथंही तेच निघालं. लहान तळ्यातला मोठा मासा असं त्याला नाव पडलंय.

आणि हे नुसतं मनाला वाटण्यावर थांबत नाही. मर्फी आणि वाइनहार्ट या दोघांचा इंग्लंडमधला अभ्यास २०२० ला छापून आला. प्राथमिक शाळेत पोराचा वर्गात कितवा नंबर होता याचा परिणाम पुढं माध्यमिकच्या मार्कांवरही दिसतो, म्हणजे हुशारी सारखी असली तरी. नवीन शाळेतल्या मास्तरांना आधीचा नंबर माहीतसुद्धा नसतो. पण पोराला माहीत असतो ना. आत्मविश्वास, कुठले विषय घ्यायचे, सगळ्यावर त्याची छाप राहते.

यात तुमच्या बाजूचंही एक आहे बघा. दहा वर्षं पहिला नंबर काढल्याचं बळ हिच्या अंगात आहे, ते तीन महिन्यांत सगळं जात नाही. म्हणून मी लगेच परत आणा म्हणणार नाही. इंजिनिअरिंगच्या सीटला आपल्याकडं कर्नाटकात निम्मे पीयूसीचे मार्क आणि निम्मे सीईटीचे धरतात, रँक सगळ्या राज्यातनं लागते. वर्गाच्या दारावरची यादी तिथं कोण विचारतंय.

एक कबुली देतो, बरीच वर्षं मनात आहे. मी पेपर वाटताना जास्त मार्कांपासनं कमीकडं वाटायचो, नाव घेऊन. वाटायचं पोरांना चुरस लागेल. एक पोरगा होता, गठ्ठ्यात शेवटचे दोन पेपर उरले की मी नाव घ्यायच्या आधीच उठून उभा राहायचा. आठवीत शाळा सोडली त्यानं. शेतीचं कारण सांगितलं घरच्यांनी, असेलही. पण तो आधीच उठून उभा राहिलेला मला अजून दिसतो. दारावर यादी लावणाऱ्यांनी एकदा त्या यादीच्या खालच्या टोकाला उभं राहून बघावं.

वडगावचा_मागवाला

मास्तरांचा मान ठेवून थोडं वेगळं बोलतो. हल्ली तुलना म्हटलं की वाईटच असं सगळेच म्हणायलेत, मला ते पटत नाही. मी विणकराच्या घरातला. आमच्या घरात खाली माग, वर माळा, माळ्यावर मी आणि माझा चुलतभाऊ अभ्यासाला. सकाळी सहाला माग सुरू झाले की त्या खडखडाटात काही डोक्यात शिरायचं नाही. हा काय करायचा, साडेचारला उठायचा. मला आधी कळलंच नाही की याला जास्त मार्क का पडतात, एकाच घरातले, एकच मास्तर, एकच जेवण. एकदा ताप आला म्हणून रात्री जाग होती तेव्हा बघितलं, हा अंधारात उठून दिवा लावून बसलेला. दुसऱ्या दिवसापासनं मी पण साडेचारला. तो नसता तर मी आज बँकेत नसतो, अजून त्या मागावर असतो.

म्हणून ताई, पोरीला परत नेऊ नका. खानापुरात पहिली येईल पण कशात पहिली आलो ते तिला कळणार नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहायला येत नाही. थोडं रडेल, शिकेल.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

मागवाले आण्णा, तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं कुठलं हे मी वर्कशॉपमध्ये बघितलंय, म्हणून लिहितो.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपला सुपरवायझर आहे, नाव घेत नाही. पंपाच्या हाऊसिंगचं काम चालतं, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत. तीन वर्षांपूर्वी वरनं ऑर्डर आली, बोर्ड लावा, रोज प्रत्येक ऑपरेटरचं नाव आणि किती पीस काढले ते लिहा, महिन्याला पहिल्या तिघांना बक्षीस. पहिले १५ दिवस प्रोडक्शन वाढलं, साहेब खूश. मग काय सुरू झालं बघा. आमचं चार नंबरचं मशीन जुनं, दर तासाला दोन पीस कमीच देणार, त्यावर जो उभा तो रोज खाली. तो पोरगा आमच्याच कंग्राळी बाजूचा, हात चांगला त्याचा, पण बोर्ड बघून बघून असा झाला की डबा खायला एकटाच बाहेर जाऊन बसायला लागला. आठवड्यात एक खाडा ठरलेला.

आणि वरचे जे तिघं होते ते वेगळंच करायला लागले. शिफ्ट सुटताना मशीनमध्ये घातलेले ऑफसेट, म्हणजे मापांचं सेटिंग, पुसून जायचे. म्हणजे पुढच्या शिफ्टवाल्याला आल्या आल्या पीस मिळायला नको, त्यानं पुन्हा सेटिंग करत बसावं, अर्धा तास तिथंच जातो. पूर्वी हीच माणसं एकमेकाला चहा पीत सांगायची, अमुक इन्सर्ट (कापायचं पातं) ८० पीसवर बदल, त्याच्या पुढं फिनिश जातंय. ते बोलणंच बंद. पीस वाढले पण रिजेक्शन पण वाढलं, आणि रिजेक्शन बोर्डवर कोण लिहीत नव्हतं.

मी साहेबांच्या मागं लागून बोर्ड बदलून घेतला. नावाच्या शेजारी मशीन नंबर, जॉब कुठला, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) किती आणि रिजेक्शन किती हे पण लिहायचं. मग सगळ्यांना दिसलं की चार नंबरवाला त्या मशीनच्या मानानं बरोबर काम करतोय. आणि दुसरं, त्या पोराला दोन दिवस पहिल्या नंबरवाल्याच्या शेजारी नुसता उभा केला. त्याला कळलं की तो माणूस हात जोरात चालवतच नाही. मशीन कटिंग करत असताना तो मागच्या पीसचा बोर, म्हणजे आतलं भोक, गेजनं मोजून बघतो, पुढचा कच्चा पीस पुसून चुरा काढून टेबलावर ठेवतो, दार उघडलं की दहा सेकंदांत लोड. बाकीचे कटिंग चालू असताना मोबाइल बघतात. एवढंच. पण बोर्डवरनं हे कुणाला कळलं असतं?

तुमच्या चुलतभावाचा दिवा तुम्हाला दिसला आण्णा. नुसते मार्क दिसले असते तर तुम्ही पण परसात जाऊन बसला असता.

निपाणी_इकॉनॉमिक्स

उद्यमबागवाल्या दादांनी जे लिहिलंय ते वाचून मला राहवलं नाही. मी डिग्रीला इकॉनॉमिक्स शिकवते, आणि अगदी हेच ओडिशात तपासलं गेलंय. ब्रेझा, कौर आणि शामदासानी या तिघींचा अभ्यास, २०१८ ला प्रसिद्ध झाला. कामगारांच्या लहान लहान टोळ्या केल्या, काही टोळ्यांत सगळ्यांना सारखी मजुरी, काहींत कमी-जास्त. ज्यांना शेजारच्यापेक्षा कमी मिळत होतं त्यांचं काम घसरलं, आणि हजेरी शंभरात १८ नं खाली आली. म्हणजे स्वतःची रोजची मजुरी बुडवून घरी बसली माणसं, दादांच्या त्या चार नंबरवाल्या पोरासारखीच. पण ज्या कामात शेजाऱ्यानं आपल्यापेक्षा किती जास्त माल काढलाय हे डोळ्यांना दिसत होतं, तिथं हे नुकसान झालंच नाही. मजुरीतला फरक तोच होता, पण तो का आहे ते तिथं दिसत होतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सुपरमार्केटचं, मास आणि मोरेट्टी, २००९. काउंटरवर एखादा फास्ट माणूस शिफ्टला आला की बाकीच्यांचा पण स्पीड वाढतो, पण कुणाचा? ज्यांच्यावर त्या फास्ट माणसाची नजर पडते, त्यांचा. ज्यांना तो दिसतो पण ज्यांच्याकडं त्याचं तोंड नसतं, त्यांच्यावर फारसा फरक नाही. इथं शिकण्यापेक्षा कुणीतरी बघतंय याचा भाग जास्त आहे, म्हणून मागवाल्या दादांचं म्हणणं मी खोडून काढत नाही, चुरस काम करते. पण ती लाजेवर चालते, आणि लाज १७ वर्षांच्या पोरीला किती दिवस पुरणार?

ए, बी, सी सेक्शनबद्दल मात्र सगळ्यांनी घाईनं मत करू नये असं वाटतं. केनियात १२१ प्राथमिक शाळांत डुफ्लो, डुपास आणि क्रेमर यांनी बघितलं, २०११ ला छापलं. काही शाळांत मार्कांप्रमाणं वर्ग वेगळे केले, काहींत मिसळून ठेवले. वेगळे केलेल्या शाळांत खालच्या वर्गातली पोरंही पुढं गेली, कारण मास्तर त्यांच्या पायरीपासनं शिकवू लागले. उलट अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत मुद्दाम कमी मार्कवाल्यांना हुशारांच्या गटात घातलं, वाटलं यांची संगत लागेल, आणि त्या कमी मार्कवाल्यांचंच नुकसान झालं, कारण एकाच गटात हुशार हुशारांबरोबर बसले आणि हे आपले वेगळे. हा अभ्यास २०१३ चा. म्हणून ताई, सी सेक्शन म्हणून घाबरू नका, पण एक जाऊन नक्की विचारा: सी ला शिकवायला कोण येतं? तोच फिजिक्सचा लेक्चरर येतो का, की नुकताच लागलेला कुणीतरी? पोर्शन सावकाश घेतात की ए बरोबरच पळवतात? तिथं नुसती पोरं टाकून ठेवली असतील तर मग भांडायला पाहिजे, गरज पडली तर काढायला पाहिजे.

चिकोडी_ते_बेंगळूर

थोडक्यात लिहितो, ऑफिसात आहे. मी पण मराठी मीडियम, मी पण पीयूसीला शेवटच्या सेक्शनला, आता बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये नऊ वर्षं झाली. हे नोकरीत संपत नाही हो, इथं पण वर्षाला रेटिंग लागतं आणि शेजारच्याला किती हाइक मिळाली ते कळलं की आठवडा वाया जातो. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत सगळ्यांचे पगार वेबसाइटवर बघायला मिळू लागले तेव्हा त्यावर २०१२ चा एक अभ्यास आहे, ज्यांचा पगार मधल्या पगाराच्या खाली होता ते नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधायचा विचार करायला लागले, ज्यांचा वर होता त्यांना मात्र काही विशेष आनंद झाला नाही. म्हणजे यादीत वर असणाऱ्यांना मिळालं काहीच नाही, खालच्यांचं मात्र गेलं.

मला त्यावेळी एका गोष्टीनं वाचवलं. रूममेट हुबळीचा, कन्नड मीडियमचा, त्याची पण माझ्यासारखीच गत. आम्ही दोघांनी एका वहीत तीन रकाने पाडले, इंग्रजी, कन्नड, मराठी, आणि रोज दहा शब्द लिहायचो, टॉर्क, वेलॉसिटी, व्हॅलन्सी असले. चार महिन्यांत पेपर वाचता यायला लागला. आम्ही दोघं पण खालीच होतो, त्यामुळं लाजायचा प्रश्नच नव्हता, चुकलं की तो हसायचा नाही आणि मी पण हसायचो नाही. पोरीला असं एक कुणीतरी शोधा.

खानापूरची_आई

सगळ्यांचे खूप आभार. एवढं मनापासनं लिहिलंत, पोरीला पण वाचून दाखवलं, मास्तरांचा तो उभा राहणारा पोरगा आला तेव्हा ती रडली.

मास्तर, रविवारी तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलं. तिच्या मामानं, तो डिप्लोमा झालाय, प्रश्न मराठीत सांगितले. ४० पैकी २६ आले. मामानं कमी-जास्त केलं नाही, मी समोर बसले होते. ती स्वतःच परत परत बेरीज करून बघायला लागली, तिला खरंच वाटंना.

मग सोमवारी मी रजा काढून कॉलेजला गेले. निपाणीच्या ताईंनी सांगितलेलं विचारलं. फिजिक्सचे लेक्चरर तेच आहेत दोन्हीकडं, पण सी ला आठवड्यात एक तास कमी आहे. का म्हणून विचारलं तर टाइमटेबल बसत नाही म्हणाले. मी आणि आणखी दोन पोरांचे वडील आम्ही अर्ज दिलाय, बघू. यादीचं पण बोललो, दारावर लावू नका, ज्याचे मार्क त्याच्या हातात द्या. त्यावर ते नुसते हसले.

आमच्या ह्यांना सांगितलंय, डिसेंबरपर्यंत परत आणायचं नाव काढायचं नाही. जाऊबाईंच्या पोराला घरी बोलावलं होतं. हिनं आधी तोंड फिरवलं, मग मीच विचारलं बाबा तू अभ्यास कसा करतोस ते जरा दाखव. त्यानं त्याची वही काढली. दर चुकलेलं गणित तो लाल पेननं तारीख घालून पुन्हा मागच्या पानापासनं उलटं लिहीत येतो, आणि टेस्टच्या आदल्या दिवशी फक्त तेवढीच मागची पानं बघतो. पोरगी किती वेळ ती वही चाळत बसली होती. एका गणितापुढं चार तारखा होत्या, म्हणजे ते त्याचं चारदा चुकलेलं. ती एकदम म्हणाली, "तुझं पण चुकतंय होय रे?"

आता एक मागणं आहे. बेंगळूरच्या भावांनी सांगितली तशी शब्दांची वही कुणाकडं असेल, फिजिक्स आणि केमिस्ट्रीची, मराठी-इंग्रजी, तर झेरॉक्स काढून घेईन. बेळगावात कुठं पण येते.

निवृत्त_गणित_मास्तर

२६! शाबास म्हणून सांगा तिला माझ्याकडनं. माझ्याकडं शब्द लिहिलेल्या दोन वह्या आहेत, मराठी शाळेतनं पीयूसीला गेलेल्या पोरांसाठीच केल्या होत्या, पानं थोडी पिवळी झालीत पण वाचता येतात. एका मुलीनं सुरू केलेली आणि मग दरवर्षी पोरं भर घालत गेलेली आहे. शनिवारी टिळकवाडीत येणार असाल तर आणून देतो, झेरॉक्स कशाला, मूळच न्या. तिनं पुढचे शब्द घालावेत.